शनिवारची बैठक बंद पडू नये म्हणून : सर्व सभासद, हितचिंतक आणि कोल्हापूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

येत्या 30 मे रोजी जागतिक एमएस दिन, म्हणजे आपल्या पेशंटांच्या मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजाराचा दिवस. दरवर्षी या सुमारास आपल्या कार्यक्रमाचं निमंत्रण तुमच्या हाती येतं, यंदा त्याऐवजी हे पत्र येतंय. कार्यक्रम रद्द केला आहे. हॉलचं भाडं, हार-नारळ, अल्पोपहार हा सगळा खर्च वाचवून तो शनिवारच्या बैठकीसाठी बाजूला काढला, आणि तरीही पुरत नाही, म्हणून लिहायला बसलो.

शनिवारची बैठक म्हणजे काय हे जुन्या मंडळींना सांगायला नको. शिवाजी पेठेतल्या तालमीच्या तळमजल्यावर दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आपले पेशंट आणि त्यांच्या घरचे गोल करून बसतात, मिरजेहून समुपदेशक ताई येतात आणि दोन तास बोलणं होतं. तिथे मशीन नाही की सुई नाही. तालमीची इमारत आता पाडून नवी बांधायची आहे, त्यामुळे जूनपासून ती जागा आपल्याला नाही. त्याबद्दल तक्रार मुळीच नाही. आठ वर्षं तालमीनं एक रुपया भाडं घेतलं नाही. सतरंज्या त्यांच्या, पंखे त्यांचे, आणि पायरीवरून खुर्चीसकट उचलून आत नेणारी पोरंही त्यांचीच. लाल मातीतले ते हात किती अलगद उचलतात हे आमच्या काकूंना विचारा.

2019 च्या महापुरात याच पोरांनी काय केलं ते नव्या लोकांना ठाऊक नाही, म्हणून लिहितो. शाहूपुरीत कुंभार गल्लीकडे पाणी चढलं, वीज गेली. आपल्या दोघी जणी या आजारावरच्या इंटरफेरॉन नावाच्या इंजेक्शनवर होत्या. ती 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात आणि गोठली तरी वाया जातात. हायवे बंद, पुण्याहून नवीन येणार कुठून? पोरांनी दुधाच्या किटलीत बर्फ भरला, इंजेक्शनं टॉवेलात गुंडाळून बर्फाला लागणार नाहीत अशी वर ठेवली आणि ती किटली डोक्यावर धरून छातीएवढ्या पाण्यातून पेठेत आणली. एकही डोस चुकला नाही. अशांचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे?

नव्यांसाठी थोडं आजाराबद्दल. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. आपले एक सभासद उद्यमनगरात मोटार वायंडिंग करायचे, ते फार चांगलं समजावतात. तारेवरचं वार्निश गेलं की मोटार कशी अडखळते, तसं मेंदू आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण शरीराचीच प्रतिकारशक्ती खाते. मग कधी डोळ्यापुढे अंधारी, कधी पायात मुंग्या, कधी तोल जातो, कधी लघवीला थांबता येत नाही. बहुतेकांना हे विशी ते चाळिशीत सुरू होतं आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट दिसतं. म्हणजे ऐन संसाराच्या, नोकरीच्या वयात.

हे सगळं कोल्हापूरकर समजून घेतो. ज्या गावात 1984 साली नसीमा हुरजूक यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, त्या गावाला अपंगत्व काय असतं ते शिकवायला नको. व्हीलचेअर म्हटलं की इथला माणूस खिशात हात घालतो. पण एमएसमध्ये मनाचं जे होतं ते सांगायला गेलं की समोरचा घड्याळ बघतो. एमएस असलेल्या दोघांतल्या जवळपास एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं. ते केवळ आजाराच्या धसक्यानं येत नाही. मेंदूत ज्या जागी इजा होते त्यातूनही ते येतं, आणि आजार अचानक बळावल्यावर दिलेल्या स्टिरॉइडनं झोप उडते, मन वरखाली होतं, ते वेगळंच. औषधानं आणि समुपदेशनानं ते उतरतं. मात्र आधी कुणीतरी ते ओळखायला हवं.

कागलकडच्या एक सूनबाई पहिल्यांदा बैठकीला आल्या तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. एप्रिल महिना, मानेवर ओला पंचा. ऊन लागलं की आपल्या पेशंटांची नजर अंधूक होते, पाय लटपटतात, म्हणूनच उन्हाळ्यात बैठक सकाळी साडेआठला ठेवतो. वीस मिनिटं त्या पंच्याचं टोक पिळत बसल्या होत्या. शेजारच्या काकू सहज म्हणाल्या, "मला भाकरी थापताना मधेच खाली बसावं लागतं, हातच उचलत नाही." त्यावर या बाई ढसाढसा रडायला लागल्या. "म्हणजे मी नाटकी नाही?" हे त्यांचे पहिले शब्द. चार वर्षं घरात आळशी, कामचुकार हेच ऐकत होत्या. थकवा हे या आजाराचं लक्षण आहे, झोप काढून जाणारी ही दमणूक नव्हे, हे त्यांच्या नवऱ्याला ताईंनी त्याच दिवशी समोर बसवून सांगितलं. आता ते स्वतः गाडीवरून आणून सोडतात.

दुसरे आपले निवृत्त गुरुजी. सख्ख्या मेव्हण्याच्या दहाव्याला, पंचगंगेच्या घाटावर सगळे कावळा शिवायची वाट बघत असताना गुरुजींना हसू फुटलं, आणि थांबेचना. हसू-रडू आवरणाऱ्या मेंदूतल्या वाटा दुखावल्या की असं होतं. आत दुःख असतं आणि तोंडावर हसू. त्यावर औषध आहे. पण हे कुणाला माहीत? बहिणीनं दीड वर्ष बोलणं टाकलं. शेवटी ताईंनी त्यांना बैठकीला बोलावून घेतलं. त्या दाराजवळच बसल्या, सगळं ऐकलं, आणि जाताना भावाच्या हातात डबा ठेवून गेल्या. गुरुजींनी तो डबा आठवडाभर परत केला नव्हता.

ही दोन्ही उदाहरणं त्या दोघांना विचारूनच लिहिली आहेत.

आजवर ज्यांनी हात दिला त्यांचं ऋण मोठं आहे. मार्केट यार्डातले ते गुळाचे व्यापारी, दर पाडव्याला न सांगता पाकीट पाठवतात आणि नाव छापलं तर पुढचं पाकीट येणार नाही असा दम भरतात. राजारामपुरीतल्या भिशी मंडळाच्या भगिनींनी सलग दोन वर्षं सहलीचे पैसे आपल्याला दिले. भाड्याचा हट्ट न धरणारे रिक्षावाले मामा. दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळी आमच्या चौदा जणांचे कागद स्वतः भरून देणारे सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या झेरॉक्स दुकानातले दादा. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत एमएसचं नाव आहे, तरीही एका कार्यालयात "चालता येतंय की तुम्हाला" म्हणून आमच्या मुलीला परत पाठवलं होतं. तेव्हा हे दादा दुकान बंद करून तिच्याबरोबर गेले. आणि ताई. तीन वर्षं नुसत्या एसटी भाड्यावर मिरजेहून येतात. त्यांच्याही घरी अडचणी आहेत. आता त्यांना मानधन न देणं आपल्याला शोभणार नाही.

एक गोष्ट मनात आहे ती लिहितोच. गेल्या गणेशोत्सवात आम्ही साठ मंडळांना पत्रं दिली, स्वतः हातात नेऊन. दोन मंडळांनी मदत केली, त्यांना आम्ही विसरणार नाही. बाकीच्यांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण पोहोचल्याचा निरोपसुद्धा आला नाही. पत्रं वाटणाऱ्या आपल्यातल्या एकीनं तर "पायऱ्या चढून पत्र देऊन आले हो" असं मला तीनदा विचारल्यासारखं सांगितलं. लागलं ते खरं.

आता हिशेब. राजारामपुरीत तळमजल्याची खोली मिळते आहे, उंबरा नाही, कमोड आहे (लघवीच्या भीतीनंच निम्मे लोक घराबाहेर पडत नाहीत, म्हणून हे आधी बघितलं). भाडं महिना 4,000, ताईंचं मानधन 9,000, पेशंटांचं रिक्षाभाडं 5,000, म्हणजे वर्षाला 2,16,000, शिवाय अनामत 20,000. हाती 81,000 आहेत, कमी पडतात 1,55,000. अनामत 25 मेच्या आत द्यायची आहे. रोख, चेक चालेल, खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे छापला आहे, नसेल तर खजिनदारांना नेहमीच्या नंबरवर फोन करावा, संध्याकाळी सातनंतर. पावती सर्वांना मिळेल. एका पेशंटचं महिन्याचं रिक्षाभाडं साधारण 500 होतं, तेवढं उचललं तरी मोठी मदत.

दोन बैठकांच्या मधे एखाद्या रात्री कुणाला फारच जड गेलं तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावावा, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. तो नंबर प्रत्येकानं घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

आपला,
सचिव

ता. क. : व्हीलचेअर सध्या नकोत, चार आहेत. चालू स्थितीतला जुना एअर कूलर कुणाकडे असेल तर जरूर कळवा, नवी खोली दुपारी तापते. न्यायला टेम्पो आम्ही पाठवू.