ताप उतरला म्हणजे डेंग्यू गेला असं नाही

संपादक साहेब,

मागच्या पावसाळ्यात माझ्या सात वर्षांच्या पोरीला डेंग्यू झाला, चौथ्या दिवशी ताप उतरला आणि सुटलो एकदाचे म्हणून मी तिला मऊ भात भरवायला बसले तर ती पोट दुखतंय म्हणून रडायला लागली, हातपाय गार, सकाळपासून शू पण नाही. डॉक्टर म्हणाले खरा धोका आत्ताच, ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तास, तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, नुसत्या प्लेटलेट मोजून भागत नाही, हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट झालंय ते), बीपी, लघवी सगळं बघावं लागतं. हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं हो! वाचली पोर, देवाची कृपा.

दुसरं म्हणजे नोंदीचं. गल्लीतल्या लॅबमध्ये कार्ड टेस्टवर (झटपट होणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलेली पोरं 'संशयित' धरतात, एलायझा ही जास्त खात्रीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तरच पक्की केस, मग फवारणीवाले येणार कधी? डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, म्हणजे शाळेत पण. शाळांनी तापामुळे गैरहजर असलेल्या मुलांची यादी रोज वॉर्डच्या आरोग्य विभागाला कळवावी, हजेरी तर घेतातच ना.

- एक आई, पुणे