आधी पाणी, मग लाथ

मा. संपादक,
स. न.

मारामारीच्या सिनेमांनी खेड्यातली पोरं वाया चालली, असं एका वाचक भगिनींचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आलं. त्यातलं निम्मं मला पटलं. माझ्याच भाच्यानं दिवाळीत मोबाइलवर पाहून ओट्यावरून उडती लाथ मारली आणि मनगट मोडून घेतलं. दीड महिना हात गळ्यात. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारं. डिसेंबरातल्या एका शनिवारी मी दोस्तांना कुंग-फूचे सिनेमे पाहायला घरी बोलावलं. रात्र ठरवण्यातच आठ दिवस गेले. एकाची हरभऱ्यात डुकरांसाठी जागल, दुसऱ्याला वेचणीची मजुरी वाटायची, तिसरा लाइनमन, त्याचा तर काही भरवसाच नाही. प्रोजेक्टर लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या मावसभावाचा. पडदा म्हणून बाबांची दोन धोतरं एकाला एक जोडून शिवली. शिवण नेमकी मधोमध आली, त्यामुळे रात्रभर एकूण एक पहिलवान करदोडा बांधल्यासारखा दिसत होता.

मधल्या खोलीत कापूस भरलेला. भाव चढेल म्हणून ठेवला, चढत नाही, तो वेगळा विषय. त्याच ढिगाला टेकून बसायचं, म्हणून विडी पेटवायची तर अंगणात, एवढा एकच नियम. आईनं मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा गंजभर ठेवल्या, गिरणीवाल्यानं कच्चा चिवडा कालवला.

पहिला लावला ‘एंटर द ड्रॅगन’. आमच्या वयाच्या लोकांनी तो वर्गणी काढून, भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिलेला. एका रात्रीत तीन सिनेमे, तिसऱ्याला अर्धं गाव घोरत असायचं. त्यातला हिरो ब्रूस ली २० जुलै १९७३ ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेला आणि हा सिनेमा त्यानंतर लागला, हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार? त्याचा नवा सिनेमा कधी येतो म्हणून आम्ही कितीतरी वर्षं वाट पाहिली. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये एका मारामारीत तो एका पोराचे केस धरून मान मोडतो. तो पोरगा म्हणजे जॅकी चॅन, तेव्हाचा साधा स्टंटवाला. कोणाचा विश्वास बसेना. चार वेळा मागे घेऊन पाहिलं. लाइनमन म्हणाला, “म्हंजे मार खाऊ खाऊच मोठा झाला थो.”

दुसरा १९७८ चा, ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’. दिग्दर्शक लाऊ कार-लियुंग स्वतः बापाकडून कुंग-फू शिकलेला, आणि ते दिसतं. नायक मठात येतो, त्याला लढायचं असतं आणि त्याला पाणी भरायला लावतात. दोन्ही हात आडवे ताणलेले, हातात बादल्या आणि दंडाला सुऱ्या बांधलेल्या. हात जरा खाली आला की पातं बरगडीत. सिनेमाचा मोठा भाग हेच चालतं. पाणी भर, जड दांड्यानं घंटा वाजव, वाळूच्या पिशव्यांवर डोकं आपट. भाचा खालच्या इंग्रजी पाट्या वाचून वऱ्हाडीत सांगत होता. थोड्या वेळानं त्याच्या सोबतची पोरं कुरकुरायला लागली, “मामा, पुढं घ्या ना, फाइट कवा येते?” मी रिमोट मांडीखाली घातला.

आई दारात उभी राहून पाहत होती. तिनं तरुणपणी गोड्या पाण्यासाठी जी पायपीट केली, ती या पट्ट्यातल्या बायांना सांगायला नको. ती म्हणाली, “याच्या हाताले सुऱ्या बांधल्या म्हून एवढं कौतुक? आमच्या डोक्यावर पाण्याचे दोन गुंड अन् काखेत पोरगं राहे.” सगळे हसले. मग घंटेचा प्रसंग आला. तिथं लांब बांबूच्या टोकाला वजन असतं आणि सगळा जोर मनगटावर येतो. भाच्याचं सांगणं बंद पडलं. तो स्वतःच्या मनगटाकडे पाहत होता.

भगिनींना माझं म्हणणं एवढंच की मोबाइलवर येते ती शेवटची लाथ. पाणी भरणं कापून टाकलेलं असतं, आणि पोरं उड्या मारतात त्या एवढ्याशा तुकड्यावर. आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायला नको खरं तर. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. तिथली मंडळी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकला जाऊन कबड्डी आणि आपले देशी खेळ दाखवून आली. तिथंही पहिल्याच दिवशी कोणाला मल्लखांबावर उलटं लटकवत नसतील.

पोरं सुधारली, असा माझा दावा नाही. सिनेमा संपल्या संपल्या दोघांनी माळ्यावरून कापसात उड्या टाकल्या. बाबा असे काही ओरडले की खालच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. सकाळी धोतराची शिवण उसवली, त्याचं बोलणंही मलाच ऐकून घ्यावं लागलं. भाचा मात्र दुसऱ्या दिवशी आंगणात अर्धी बादली आडव्या हातात धरून उभा होता, डॉक्टरनं परवानगी दिलेल्या हातात नाही, दुसऱ्या हातात. मी मोजत होतो. अकराला खाली ठेवली.

पुढची रात्र संक्रांतीनंतर आहे. भगिनींनी जरूर यावं. टेकायला कापूस असेलच, भाव चढल्याशिवाय तो कुठं जातो!

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती