सूचना : 1966 ची फियाट 1100 डी विकणे आहे, आधी सभासदांना

सभासद मित्रहो,
अर्धी दुरुस्त झालेली माझी फियाट विकायची आहे. येत्या रविवारी सकाळी 8 ते 11 या वेळेत कर्वेनगरच्या शेडमध्ये बघायला या. बाहेर त्यानंतरच सांगेन. सुट्या भागांसाठी गाडी फोडणाऱ्याला देणार नाही, मग तो कितीही पैसे देवो.

झालेलं काम : 1089 सीसी इंजिन उतरवून रिंगा-बेअरिंग बदलली, ब्रेक आणि वायरिंग नवं.

राहिलेलं : रंग, सीटा, क्रोम. डाव्या दाराखालचा पत्रा गंजलाय. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तरी आत जातो. तिथं लांबी (पुट्टी) भरून झाकलेलं नाही, नीट वाकून बघा.

- चासी आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा.
- फेरी मारताना गाडी मी चालवीन; गिअर स्टिअरिंगजवळ आहे, सवय लागते.
- व्यवहार ठरला की मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर लगेच सह्या. गाडी परराज्यात नेणार असाल तर फॉर्म 28 ची एनओसी (आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र) आधी.
- 50 वर्षांवरची असल्यानं व्हिंटेज नोंदणी करता येईल, पण मूळ बांधणीत मोठे फेरफार चालत नाहीत. म्हणून दुसरं इंजिन बसवू नका, ही कळकळीची विनंती.

किंमत समोरासमोर बोलू. येणार असाल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.