कुटुमसरच्या वाटाड्यादादांना

दादा, नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय. तुमची बस्तरची हल्बी बोली आणि माझी मराठी त्या दिवशी हिंदीचा फारसा आधार न घेता एकमेकींना समजत होत्या. कुणी वाचून दाखवलं तर निम्मं तरी पोचेल. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, हा माझाच करंटेपणा.

छत्तीसगडच्या कांगेर खोऱ्यातल्या तुमच्या कुटुमसर गुहेत आम्ही आलो ते चुनखडीचे झुंबरासारखे खांब बघायला. सगळ्यांचे मोबाइल छताकडे. तुम्ही मात्र माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "खाली बघा, पाय ठेवू नका." खाली चिखल आणि बशीएवढं डबकं, बाकी काही नाही. तुम्ही दिवा तिरपा धरलात तेव्हा कुठे दिसलं: पाण्याच्या पापुद्र्यावर मिठाच्या कणांसारखं काहीतरी चालत होतं. मी वाकलो, माझा श्वास त्यांना लागला, आणि त्यातला एक कण टुणकन गायब!

ते स्प्रिंगटेल. घरी तुळशीच्या कुंडीला पाणी घातलं की असेच पांढरे ठिपके उडतात. इतकी वर्षं मी त्यांना पिसवा समजून कुंडी उन्हात ठेवत होतो. पाय सहा असले तरी शास्त्रज्ञ हल्ली त्यांना कीटकांत धरत नाहीत, कारण त्यांचे जबडे डोक्याच्या आत दडलेले असतात. पोटाखाली एक दुहेरी काटा दुमडून खटक्यात अडकवलेला असतो. खटका सुटला की काटा खाली आपटतो आणि स्वारी हवेत.

त्यांना खायला काय, असं विचारल्यावर तुम्ही नुसतं वर बोट केलंत. वटवाघळं! त्यांच्या लेंड्या आणि पावसाळ्यात पुराबरोबर आत आलेला पालापाचोळा, लाकडं यांवर बुरशी येते, बुरशीवर हे जगतात, यांच्यावर कोळी. ऊन न शिरणाऱ्या घराचा सगळा शिधा बाहेरूनच येतो. पावसाळ्यात गुहा बंद असते म्हणून आम्ही पर्यटक कुरकुरतो, पण तेव्हाच तर आतला बाजार भरतो.

मग तो रातकिडा. भिंतीला चिकटलेला, फिकट, आवाज न करणारा, आणि मिशा अंगाच्या कितीतरी पट लांब. दिवा जवळ नेला तरी ढिम्म. तुम्ही हलकी फुंकर मारलीत तेव्हा लगेच सरकला. घरी येऊन वाचलं, त्याचं नाव केम्पिओला शंकरी. ही गुहा अभ्यासकांपुढे आणणाऱ्या डॉ. शंकर तिवारींवरून 'शंकरी'. 'केम्पिओला'तले केम्प म्हणजे 1922 साली बी. चोप्रांबरोबर मेघालयातल्या सिजू गुहेत उतरलेले प्राणिशास्त्रज्ञ स्टॅन्ली केम्प. त्या एका गुहेत त्यांना शंभराच्या आसपास जातींचे प्राणी मिळाले. एका फुंकरीतून मी एवढा लांब पोचलो.

आता कबुली. तुमची पाठ वळल्यावर मी एक स्प्रिंगटेल गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घातला होता. तुम्हाला कसं कळलं देव जाणे. तुम्ही ओरडला नाहीत. डबी मागितलीत, डबक्याच्या कडेला उपडी केलीत, आणि म्हणालात, "बाहेर वाळून जाईल." तेव्हा मला ती भाबडी समजूत वाटली. पण ते अक्षरशः खरं होतं. आतली हवा कायम ओलीचिंब, म्हणून यांची कातडी पातळ. बाहेरच्या कोरड्या हवेत अंगातलं पाणी झपाट्यानं उडून जातं. शिवाय अशा कितीतरी जाती एखाद्याच गुहेत सापडतात. तिथून संपल्या की कुठूनच परत यायच्या नाहीत. राष्ट्रीय उद्यानातून काही उचलणं गुन्हा आहे हे मला माहीत होतं, तरी हात गेला. तुम्ही थांबवलंत.

तुमच्या गुहेतल्या आंधळ्या माशाचं एक सांगायचं राहिलं. त्याच्या जातीचं पहिलं वर्णन 1872 साली झालं ते पुण्याच्या माशांवरून. उघड्या ओढ्यांतले त्याचे भाऊबंद चांगले डोळसही आहेत. म्हणजे आपलं नातं हल्बीच्याही पलीकडचं निघालं.

पाऊस संपून गुहा उघडली की येतोय. या वेळी डबी नाही, दहा पटींचं भिंग आणतोय. ते तुमच्याकडेच राहू द्या.

तुमचा,
डबीवाला पुणेकर