पेठेतल्या औषधवाल्या काकांना

काका, स. न. वि. वि.

पुण्यात दुकानदार गिऱ्हाइकाला फार बोलू देत नाही म्हणतात. तुमच्याकडे गिऱ्हाइकाने नुसतं औषधाचं नाव उच्चारलं की चौकशी तुम्हीच सुरू करता. घाईत असलेला माणूस वैतागतो, पण क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या दीर्घ आजाराच्या, पेशंटांना आणि त्यांच्या घरच्यांना ही चौकशी किती उपयोगी पडते, ते जाहीरपणे लिहायलाच हवं होतं.

गुडघा दुखतो म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मागणाऱ्याला तुम्ही पॅरासिटामॉल देता. पहिल्या दोन्हींनी आतड्याचं अस्तर दुखावतं आणि शांत झालेला आजार पुन्हा उसळू शकतो. शिवाय सांधेदुखी हा बऱ्याचदा क्रोन्सचाच भाग असतो, म्हणून पोटाच्या डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगता. डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर थेंब न देता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पिटाळता. १९३२ साली बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा म्हणून मांडला. प्रत्यक्षात तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, आणि डोळे, त्वचा, हाडं यांनाही सोडत नाही. लहान आतड्याचा हा शेवटचा भाग कापून काढलेल्यांना बी-१२ साठी साधी मल्टिव्हिटॅमिनची गोळी पुरत नाही, बहुधा इंजेक्शन लागतं, हेही तुमच्याच काउंटरवर कळतं.

प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या पाकिटावरचं तुमचं अक्षर तर घराघरांत ओळखीचं आहे. चिठ्ठीत ३५ मिलिग्रॅम असेल तर 'दहाच्या ३, पाचाची १, सकाळी खाऊन'. डोस दर आठवड्याला उतरत जातो आणि गफलत तिथेच होते. त्याहून मोठी गफलत म्हणजे बरं वाटलं की गोळी एकदम बंद करणं. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं बनवणं जवळजवळ थांबवतं. मग गळून जाणं, चक्कर, रक्तदाब खाली. हाडांसाठी कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व चिठ्ठीत नसेल तर डॉक्टरांना विचारायची आठवणही तुम्हीच करता.

अ‍ॅझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीबद्दल विशेष आभार. युरिक अ‍ॅसिडसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेलं अ‍ॅलोप्युरिनॉल त्याच पिशवीत जाऊ लागलं की तुमचा हात थांबतो. अ‍ॅलोप्युरिनॉलमुळे अ‍ॅझाथायोप्रिनचा शरीरात नीट निचरा होत नाही, ते साचतं आणि अस्थिमज्जा दबून पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात. फेबुक्सोस्टॅटचंही तेच. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, आणि दोन्ही एकत्र पाहणारा माणूस एकच. 'सीबीसी कधी केली?' हा रक्तपेशींच्या तपासणीबद्दलचा तुमचा प्रश्न खोचक वाटतो खरा, पण तो हवाच.

इसबगोलचंही तसंच. निरुपद्रवी म्हणून कुणीही मागतं. आतडं अरुंद झालेलं असेल तर तो फुगून तिथेच अडकू शकतो. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वारा सरत नाही, असं ऐकलं की तुम्ही काहीही न विकता सरळ हॉस्पिटलचा रस्ता दाखवता. नुसते जुलाब होत असतील तर ओआरएसचं मोठं पाकीट मात्र देता, आणि बजावता: पूर्ण पाकीट एकाच वेळी एक लिटर पाण्यात कालवायचं आणि २४ तासांत संपवायचं. ग्लासाला चमचाभर हा हिशेब चालत नाही.

अ‍ॅडॅलिम्युमॅबचं, म्हणजे क्रोन्सची सूज आवरणारं, इंजेक्शन २ ते ८ अंशांत राहायला हवं. तुम्ही ते बर्फाच्या पाकिटाला थेट टेकू देत नाही, मध्ये जाड कागद घालता, कारण एकदा गोठलेलं इंजेक्शन वितळलं तरी फेकावंच लागतं. घरी फ्रीजच्या दारात ठेवायचं नाही, फ्रीझरमध्ये तर नाहीच. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढायचं, गरम पाण्यात धरायचं नाही. गुरुवारी वीज जाणार असेल तर 'शुक्रवारी या' म्हणता.

तुमची बर्फाची चार पाकिटं आमच्या घरांत पडून आहेत. पुढच्या खेपेला आणून देतो.

आपले,
पेठेतले क्रोन्सवाले