शनिवारची ऑशकॉश सहल : आठवण

सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारी पहाटे बरोबर 5:30 ला शिकागोहून विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या विमान-मेळ्याला निघायचे आहे. वाट सुमारे तीन तासांची आहे, म्हणून उशीर करू नका.

ज्यासाठी आपण चाललोय ती अमेरिकन हवाई दलाची ‘हेरिटेज फ्लाइट’. दलाच्या पन्नाशीनिमित्त 1997 साली सुरू झालेली ही परंपरा. दुसऱ्या महायुद्धातले पी-51 मस्टँग हे प्रोपेलरचे लढाऊ विमान आणि आजचे लढाऊ जेट पंखाला पंख लावून उडतात. नीट बघा : मस्टँग पूर्ण जोर लावत असते, आणि शेजारचे जेट नाक किंचित वर करून तिच्यासाठी वेग आवरत असते. मला तर दर वेळी नातू आजीचा हात धरून चालल्यासारखे वाटते. डोळे भरून येतात.

मस्टँगच्या मर्लिन इंजिनची ती खर्जातली घरघरही कान देऊन ऐका. जेटच्या आवाजासाठी मात्र लहानग्यांचे इअरमफ हवेतच. टोपी, पाणी, घडीच्या खुर्च्या घ्या. जमिनीवरच्या विमानांना मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका, प्रोपेलरला तर नाहीच. ढग खाली उतरले तर उड्डाण रद्द होऊ शकते.

येणाऱ्यांची संख्या गुरुवारपर्यंत कळवा.