रेकॉर्ड रूममधल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, सप्रेम नमस्कार,

तुम्ही रिटायर झालात तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमाला मी अति तातडीच्या मोजणीवर होतो, भाषण वगैरे राहूनच गेलं, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय. भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक म्हणून लागलो तेव्हा मला मोजणीचं मशीन चांगलं यायचं, पण टिपण (शेताच्या मूळ मोजणीचा आकड्यांसह कच्चा नकाशा), फाळणी (पोटहिश्शांची मोजणी), गुणाकार बुक (क्षेत्रफळाचा हिशेब), कजाप (कमी-जास्त पत्रक) हे सगळं जुनं रेकॉर्ड वाचायला शिकवलं ते तुम्ही. खरं तर ते तुमचं काम पण नव्हतं, तुमचं काम नक्कल काढून द्यायचं. तरी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तुम्ही मला समोर बसवायचात.

ते पहिलं टिपण अजून डोळ्यासमोर आहे. कागद घडीवर फाटलेला, कडा हाताला लागल्या की भुगा व्हायचा, तुम्ही खाली जाड पुठ्ठा सरकवून तो उलटवलात आणि आधी म्हणालात, साखळी किती फुटांची? 33 फूट, तिचे 16 आणे, एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच, आणि 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फुटांचा आपला गुंठा. मग पायारेषेवर, म्हणजे मोजणीच्या मुख्य रेषेवर, 7-8 लिहिलं होतं तिथे बोट ठेवलंत. हे 7 साखळी 8 आणे, म्हणजे साडेसात साखळी, 247 फूट 6 इंच. कॅल्क्युलेटरवर 7.8 मारलंस की तिथेच दहा फूट सरकलास आणि दहा फुटात माणसं कोर्टात जातात रे बाबा. आज कुठलंही टिपण प्लॉट करायला घेतलं की आधी तो आकडा आठवतो.

शंकू-साखळीची (शंकू म्हणजे काटकोन काढायचं साधन) ती जुनी मोजणी, इंदापूरला 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवलेली पद्धत, हे सगळं तुम्ही असं सांगायचात जणू कालचीच गोष्ट आहे. आता राज्यात सर्व्हे ऑफ इंडियाची 77 कॉर्स स्टेशनं (उपग्रहाचे सिग्नल सतत घेणारी कायमची केंद्रं) आहेत, रोव्हर म्हणजे हातातलं जीपीएससारखं यंत्र घेऊन बांधावर उभं राहिलं की काही सेकंदात सेंटीमीटरमध्ये पोझिशन येते, भारीच आहे ते, त्याबद्दल वादच नाही. पण मी कुठे उभा आहे एवढंच ते सांगतं, हद्द कुठे आहे ते रेकॉर्डच सांगणार.

त्या दोन चुलतभावांची हद्द कायम मोजणी आठवतेय का, मधे विहीर होती ती? वादातल्या बाजूचा लंबाचा, म्हणजे पायारेषेपासून काटकोनात मोजलेल्या अंतराचा आकडा नेमका फाटलेल्या जागी गेलेला, स्कॅनमध्ये तर तिथे नुसता काळा डाग. मी म्हटलं आता गाव नकाशावरूनच घ्यावं लागणार. तुम्ही काही न बोलता उठलात आणि लगतच्या सर्व्हे नंबरचं टिपण काढून शेजारी ठेवलंत. सामाईक बांध दोन्ही नंबरात मोजलेला असतो, इकडचं गेलं तर तिकडचं बघायचं, एवढंच बोललात. त्यावरचं मोडी पण तुम्हीच वाचून दिलंत. त्यावरून जागेवर पॉइंट काढला, दोघांच्या आणि लगतच्या खातेदारांच्या समोर घाणेरीचं झुडूप तोडून खणायला लावलं आणि जुना हद्दीचा दगड लागला की हो! धाकटा भाऊ काही बोललाच नाही, थोरल्याने आपल्या हाताने माती साफ केली. 'क' प्रत (मोजणीचा अंतिम नकाशा) दिली, त्यावर कोणी अपील केलं नाही. माझ्या नोकरीत मला सगळ्यात समाधान देणारी मोजणी तीच.

त्या दोघांना तुमचं नाव पण माहीत नाही, फिल्डवर गेलो मी, चहा मला मिळाला, हात मला जोडले. म्हणून हे सगळं इथे लिहायचं होतं, की तो दगड तुमच्यामुळे सापडला.

काका, आणखी एक. ऑफिसला नवीन पोरं जॉइन झालीयत, हुशार आहेत, ऑटोकॅडवर हात झकास चालतो, पण टिपण समोर आलं की माझ्याकडे बघतात. मी सांगतो जमेल तसं, तरी मोडीत आणि जुन्या खुणांमध्ये मी अजून कमीच पडतो. एखाद्या शनिवारी याल का? साहेबांना विचारलंय, ते हो म्हणालेत. गाडी घेऊन मी येतो घरी न्यायला, काकूंना पण तसं सांगून ठेवा.

तुमचा,
मोजणीवाला पोरगा